शौचालय आहे, वापर नाही: चित्रांवरून गावाशी बोलणं कसं सुरू करायचं?

डोंगरपट्टा_उपकेंद्र

नमस्कार. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. रुजू होऊन 14 महिने झाले. एक गाव, दोन वस्त्या आणि एक तांडा माझ्याकडे येतो. बहुतेक घरं ऊसतोडीची. टोळ्या निघाल्या की गाव निम्म्याहून जास्त रिकामं होतं, मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

ऑगस्टमध्ये एका वस्तीवर जुलाबाची लागण झाली. आडात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं, पाण्यात क्लोरीन उरतंय का ते बघायला रोज ओटी टेस्ट घेतली, ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घरोघरी दिल्या. आडाच्या पाण्याचा नमुना दूषित आला होता. आठवडाभरात लागण थांबली. पण आडाच्या वरच्या अंगाला बाभळींची रांग आहे आणि सगळी वस्ती परसाकडला तिथेच जाते. पाऊस पडला की तिथलं सगळं वाहून आडाकडे येतं. शौचालय तर जवळपास प्रत्येक घराला आहे, 12,000 रुपयांच्या अनुदानातलं. आत डोकावलं तर सरपण, गोवऱ्या, खताच्या रिकाम्या गोण्या. एका घरी शेळीची दोन करडं बांधलेली होती.

मी समाजमंदिरात सभा घेतली. 26 बाया आल्या. फ्लिपचार्ट उभा धरून चाळीस मिनिटं बोलले. सगळ्या माना डोलवत होत्या. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटलं, तर एक आजी म्हणाल्या, "बाई, बीपीच्या गोळ्या आल्यात का?" दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीची वाट बघत उभी होते, तर त्याच बाया टमरेल घेऊन बाभळीकडे निघालेल्या. त्यांनी मला बघून पदर तोंडावर ओढला. त्याचं मला फार वाईट वाटलं. त्यांना माझ्यापासून तोंड लपवावं लागावं, यासाठी मी ही नोकरी धरलेली नाही.

एका प्रशिक्षणात "तीन ढीग", "खिशांचा तक्ता" अशी नावं कानावर पडली होती, पण करून दाखवायला वेळ उरला नव्हता. ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा: चित्रं कुठून आणायची? किती जणी बसवायच्या? पुरुष सोबत की वेगळे? आणि कुणाची मान खाली जाणार नाही असं कसं करायचं? टोळ्या निघायला साधारण पाच आठवडे आहेत.

माणदेशी_ताई

सिस्टर, मी सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात 16 वर्षं हेच काम केलं. आधी एका संस्थेत, मग पंचायत समितीत गट समन्वयक म्हणून. तुमची सभा वाचताना माझ्या पहिल्या दोन वर्षांतल्या सभाच डोळ्यांपुढे आल्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्लिपचार्ट तुमच्या हातात होता, अडचण तिथेच आहे. चित्र ज्याच्या हातात, तोंड त्याचं उघडतं. तीच चित्रं सुटी करा, सतरंजीवर पसरा, बायांना गोल बसवा आणि तुम्ही त्या गोलात खाली बसा. उभं राहायचं नाही आणि पहिली दहा मिनिटं बरोबर-चूक काही बोलायचं नाही. मला हे शिकायलाच वर्ष लागलं.

ही पद्धत हवेतून आलेली नाही. लायरा श्रीनिवासन यांनी खेड्यांतल्या प्रौढांसाठी "सरार" नावाची शिकण्याची रीत बसवली होती. तिच्यावरून जागतिक आरोग्य संघटना आणि युएनडीपी-जागतिक बँकेच्या पाणी-स्वच्छता कार्यक्रमाने 1993 पासून बोट्सवाना, केनिया, युगांडा आणि झिम्बाब्वे या चार देशांत लोकांच्या सहभागाने स्वच्छता सुधारायची "फास्ट" पद्धत करून पाहिली. तिच्यात सात पायऱ्या आहेत. पाच आठवड्यांत सातही करायला जाऊ नका. आणि आपल्या मातीत हे नवं नाही. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात प्रश्नावर प्रश्न टाकायचे, उत्तर लोकांच्या तोंडून यायचं. आपण बाबांच्या प्रश्नांच्या जागी चित्र ठेवायचं, एवढाच फरक.

सुरुवात गावाच्या नकाशाने करा. कागदावर नको, जमिनीवर. देवळापुढची किंवा शाळेपुढची थोडी उताराची जागा बघा. पांढऱ्या रांगोळीने त्यांनाच रस्ते काढू द्या, घरांना खडे, आडाला वाटी, हातपंपाला काडी, ओढ्याला निळी रांगोळी. पहिली पाच मिनिटं कुणी पुढे येत नाही. मग एखादी म्हणते, "अगं, मारुती तिकडं कुठं? मारुती वड्याच्या अंगाला," आणि रांगोळी तिच्या हातात जाते. तिथून पुढे तुमचं काम फक्त बघायचं. शेवटी हळद द्या आणि परसाकडच्या जागा दाखवायला सांगा. कोण जातं ते विचारायचं नाही, फक्त कुठे.

माण तालुक्यात एका वाडीत नकाशा झाल्यावर मी तांब्यातलं पाणी वरच्या बाजूने हळूच ओतलं. हळद भिजली, पिवळी रेघ पांढऱ्या रांगोळीतून वाट काढत निघाली आणि बरोबर विहिरीच्या वाटीपाशी येऊन थांबली. कुणी बोललं नाही. एक पंचविशीतली सून चिमटीने ती पिवळी माती उचलून बघत राहिली. मीही काही बोलले नाही. त्या दिवशी मी एक वाक्य जरी बोलले असते, तर ते सगळं पुसलं गेलं असतं असं मला आजही वाटतं. पुढच्या बैठकीला मी न बोलावता चौदा जणी आल्या होत्या.

दुसऱ्या बैठकीत तीन ढीग. वीस-पंचवीस चित्रं पुरतात. त्यांनीच ती चांगलं, वाईट आणि मधलं अशी वाटायची. बहुतेकजण चांगलं-वाईट यावर वेळ घालवतात. खरं सोनं मधल्या ढिगात असतं. हंड्यात तांब्या बुडवणारी बाई: काही म्हणतील वाईट, काही म्हणतील हात धुतलेला असेल तर काय बिघडलं? राखेने हात धुणारा म्हातारा. बाळाची शी कागदात गुंडाळून उकिरड्यावर टाकणारी आई. या शेवटच्या चित्रावर मी दीड-दीड तास वाद ऐकलाय, कारण लहान बाळाची शी ही शीच नव्हे असं आपल्याकडे घरोघर धरलेलं असतं. तुम्ही एवढंच विचारायचं, "इथं का ठेवलं?" वाद त्यांचा त्यांना मिटवू द्या. मिटला नाही तर चित्र मध्येच राहू द्या.

त्यानंतर रोगाचा रस्ता. 1958 साली वॅग्नर आणि लानोआ या दोघांनी विष्ठेतून तोंडापर्यंत रोग कसा जातो याची आकृती मांडली, ती अजून जगभर वापरतात. बोटं, माश्या, पाणी, माती आणि यांतून अन्नात. एका टोकाला उघड्यावरच्या शौचाचं चित्र, दुसऱ्या टोकाला जेवणारं मूल, मध्ये माशी, हात, ओढा, भाजी, भाकरी. सुतळीचे तुकडे द्या आणि त्यांना जोडू द्या. सगळ्या सुतळ्या जोडून झाल्या की विचारा, कुठली सुतळी आपल्याला कापता येईल? कुणी शौचालयाचं चित्र ठेवतं, कुणी साबणाचं, कुणी झाकणाचं, कुणी ओगराळ्याचं. इथे माझं एक ठाम मत आहे. कात्री खरी द्या. सुतळी खरोखर कापली जाताना बघणं आणि कागदावर रेघ मारणं यांत फार अंतर आहे.

आता खिशांचा तक्ता, तुम्हाला त्याचीच जास्त गरज आहे. जुन्या चादरीवर कापडाचे खिसे शिवून घ्या, बचत गटातली शिलाई मशीनवाली तासात शिवते. वर आडव्या रांगेत जागांची चित्रं: घरचं शौचालय, शेत, ओढा, रस्त्याची कड. डाव्या बाजूला उभ्या ओळीत माणसं: पुरुष, बाई, म्हातारी, लहान मूल. तक्ता पडद्याआड टांगायचा, दोन खुर्च्यांवर साडी टाकली तरी झालं. प्रत्येकीला चार चिंचोके, एकेक ओळीसाठी एक. एकेक जण आत जाते, चिंचोके टाकते, बाहेर येते. कुणी काय टाकलं ते तुम्हालाही कळत नाही आणि हे त्यांना आधी सांगायचं, दोनदा सांगायचं. मोजायचं सगळ्यांसमोर, मोजणारी त्यांच्यातलीच.

एका गावाला हगणदारीमुक्तीचा दाखला मिळालेला होता. तक्ता उघडला तर पुरुषांच्या ओळीत शौचालयाचा खिसा फुगलेला आणि बायांच्या ओळीत त्याच खिशात चार-पाच चिंचोके. आम्ही सगळेच गप्प झालो, कारण शौचालय बाईसाठी, बाईच्या अब्रूसाठी असंच आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. मग पुरुषांना चहाला पाठवून बायांना विचारलं. बराच वेळाने एक सून बोलली: शौचालयाचं दार ओट्याकडे उघडतं, ओट्यावर दिवसभर सासरे बसलेले असतात, त्यांच्यासमोरून डबा घेऊन कसं जायचं? दार! घर बांधताना गवंड्याने ज्याला विचारलं तो पुरुष होता. त्या गावात नऊ घरांनी दारापुढे कमरेच्या वर एक आडभिंत घातली, दोन घरांनी दार फिरवलं. ज्या घरात हे झालं तिथल्या सुना आत जाऊ लागल्या. हे मला दहा वर्षं पोस्टर लावून कळलं नसतं.

चित्रांबद्दल. छापील संच मिळाला तरी तसाच वापरू नका. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना किंवा बऱ्या हाताच्या मुलीला गावात फिरवा, तिथलंच घर, तिथलाच हंडा, तिथलाच आड काढायला लावा. नुसती काळी रेघ, एका चित्रात एकच गोष्ट, अक्षर एकही नको. अक्षर असलं की वाचता येणारी पुढे सरसावते आणि न येणारी मागे सरकते. वहीच्या पानाएवढं जाड कार्डशीट, वरून लॅमिनेशन.

वीसच्या वर बाया बसवू नका. सासू-सुना वेगळ्या गोलात. पुरुष वेगळे, पण वगळू नका, त्यांची बैठक रात्री जेवणं झाल्यावर घ्या.

ग्रामसेवक_मराठवाडा

ताईंचा अनुभव मोठा आहे, आदर आहे. पण पाच आठवड्यांत एवढं बसणार का? आमच्या वेळी गुडमॉर्निंग पथकाने, म्हणजे पहाटे उघड्यावर जाणाऱ्यांना गाठणाऱ्या पथकाने, पंधरा दिवसांत फरक पडला होता. बांगलादेशातही कमल कार यांनी 1999-2000 मध्ये राजशाहीकडच्या मोसमोइल गावात लोकांना त्यांच्याच घाणीपुढे उभं केलं आणि गावाने स्वतःहून उघड्यावर जाणं बंद केलं असं प्रशिक्षणात शिकवलं होतं. थोडी लाज वाटल्याशिवाय सवय मोडत नाही, असं माझं मत.

माणदेशी_ताई

भाऊसाहेब, मीही पथकात गेलेली आहे, म्हणून सांगते. पहाटे साडेपाचला आम्ही शिट्ट्या घेऊन ओढ्याकाठी गेलो. साठीच्या पुढची एक बाई घाबरून उठली, पळाली आणि बांधावरून पडली. मनगट मोडलं. तिच्या घरी शौचालय नव्हतं, यादीत नावच आलेलं नव्हतं. तिच्या हाताला प्लास्टर होतं तेवढे दिवस मी तिच्याकडे जात होते. ती मला चहा द्यायची, त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. त्यानंतर मी शिट्टी हातात घेतली नाही आणि दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही.

मोसमोइलचं जे तुम्ही म्हणता, तिथेही नकाशा लोकांनी काढला होता, हिशेब लोकांनी मांडला होता आणि ठरवलंही लोकांनीच. आपल्याकडे येईपर्यंत त्यातला नकाशा गळाला आणि शिट्टी उरली. आणि फरकाचं म्हणाल तर महाराष्ट्र 2018 साली हगणदारीमुक्त जाहीर झाला. सिस्टरांनी बघितलेली करडं त्यानंतरचीच आहेत.

सिस्टर, एक राहिलं. तक्त्यावर "खड्डा भरला तर उपसणार कोण" ही भीती नक्की वर येईल. ती खरी भीती आहे आणि तिच्यात जात आहे, हे आपण मनात ठेवावं. हाताने मैला उचलायला लावणं कायद्याने बंद आहे, 2013 चा कायदा आहे. पण दोन खड्ड्यांच्या शौचालयात तशी वेळच येत नाही. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा काही वर्षं पुरतो, मग चेंबरमधून पाणी दुसऱ्या खड्ड्याकडे वळवायचं आणि पहिला किमान दीड वर्ष बंद ठेवायचा. त्याचं खत होतं. 2017 मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राच्या पेयजल आणि स्वच्छता खात्याचे सचिव स्वतः असा खड्डा रिकामा करायला उतरले होते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पा पटवर्धनांनी त्याच्या किती आधीपासून मैल्याच्या खताचे प्रयोग चालवले होते! तुमच्या वस्तीवर असा जुना बंद खड्डा असला तर बायांच्या समोर उघडा. मी उघडलेल्या खड्ड्यातली माती ओंजळीत घेऊन सगळ्यांना वास घ्यायला दिली आहे. पावसाळ्यात बांधावरच्या मातीला येतो तसा वास.

फक्त उघडण्याआधी चेंबर बघा. गवंडी पुष्कळदा दोन्ही खड्डे एकदमच चालू ठेवतात. मग दोन्ही ओलेच भरत राहतात, खत कधीच होत नाही आणि लोक म्हणतात सरकारी संडास भरला.

झेडपी_गुरुजी

दुसरी ते चौथीच्या पोरांबरोबर एक करून बघा. एका मुलाच्या हाताला खोबरेल लावायचं आणि त्यावर निळी रांगोळी. त्याने पहिल्या बाकापासून सगळ्यांशी हात मिळवायचा, पट्टी-पेन्सिल द्यायची. पाचव्या-सहाव्या पोराच्या हातावरही निळं दिसतं, एकाच्या गालावरही होतं. मग निम्म्यांनी नुसत्या पाण्याने धुवायचं आणि निम्म्यांनी साबणाने. नुसत्या पाण्यावाल्यांची नखं निळीच राहतात. मला वेगळं काही सांगावंच लागलं नाही. 15 ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो, तेव्हा शाळेला निमित्तही मिळतं.

पण पोरांना घरची चहाडी करायला लावू नका. मी एकदा वर्गात "कुणाच्या घरी बाहेर जातात?" असं विचारलं होतं. चौथीतली एक मुलगी हात वर करून खाली घेऊन रडायला लागली. घरी बापाने मारलं असतं. तो प्रश्न विचारायला नको होता. आता मी पोरांना फक्त गावाचा नकाशा काढायला देतो. पाणी कुठे साचतं, डुकरं कुठे फिरतात, नळाची गळती कुठे आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आठ_हंगाम

मी बीडचीच. बारावी झाली, लग्न झालं आणि आठ हंगाम नवऱ्याबरोबर कोयता धरला. आता दोन वर्षं गावातच आशाताईला मदत करते. इथं सगळं वाचलं. तुमचं सगळ्यांचं खरं आहे, पण तुमच्या नकाशात आमचं अर्धंच गाव येतंय.

दिवाळीनंतर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आम्ही कारखान्याच्या फडावर, ऊसतोडीच्या जागी असतो. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या आणि वरून ताडपत्री, आत माणूस वाकून जातं. शंभर कोप्या असतात आणि संडास एक नसतो. पाणी कधी टँकरचं, कधी कॅनॉलचं, कधी मालकाच्या मोटारीवरचं. पहाटे तीन-चारला उठायचं, अंधारात उसात जायचं. उसात साप असतो, रानडुक्कर असतं, माणूसही असतं. पाळी आली तरी मोळ्या उचलायच्या, कारण खाडा पडला की पैसे कापतात. कापड धुवायला आडोसा नाही, वाळवायला ऊन मिळत नाही, मग ते तसंच ओलं वापरायचं. अंगावरून जायला लागतं, खाज सुटते आणि दवाखान्यात गेलं की गर्भाची पिशवी काढायला सांगतात. माझ्या जावेची सत्ताविसाव्या वर्षी काढली. 2019 ला सरकारने यावर समिती नेमली, पेपरात आलं, तेव्हा कुठे लोकांना कळलं.

सहा महिने ज्या बाईला उसात जायची सवय लागली, तिला गावात आल्यावर संडासात जा म्हणता. ती म्हणते त्याच्यात काय आहे? आणि दार बंद करून बसलं की खरंच जीव घाबरतो, सवय नसते.

म्हणून सिस्टर, तुम्ही चित्रं काढणार असाल तर दोन गोष्टी करा. एक, नकाशा दोन काढा, एक गावाचा आणि एक फडाचा. कोपी कुठं, पाणी कुठं, मुकादमाची राहुटी कुठं, कॅनॉल कुठं. दुसरं, चित्रातली बाई नीट काढा. फ्लिपचार्टवरची बाई पाचवारी नेसलेली, केसाला गजरा, पायात चप्पल. ती आमची नाही. आमची बाई साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालती, डोक्याला फडकं गुंडाळती. तो शर्ट काढा. मग बघा चित्र हातात कोण घेतंय.

डोंगरपट्टा_उपकेंद्र

चार आठवडे झाले. सगळ्यांना हात जोडून सांगते, करून बघितलं. काय झालं ते लिहिते.

चित्रं गावातल्याच बारावीतल्या मुलीने काढली, 22 चित्रं. शर्ट घातलेली बाई पहिल्यांदा सतरंजीवर आली, तेव्हा तीन-चार जणींनी एकदम हात घातला. "ही तर आपली जनाबाय," एक म्हणाली आणि पुढे तासभर चित्रातल्या बाईचं नाव जनाबाईच राहिलं. जनाबाईने बाळाची शी उकिरड्यावर टाकली, जनाबाईने हंड्यात तांब्या बुडवला. स्वतःबद्दल बोलायला जड जात होतं ते जनाबाईबद्दल सहज बोलता आलं. मी खाली बसले होते आणि माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

खिशांचा तक्ता शेवटच्या आठवड्यात केला. म्हाताऱ्या बायांच्या ओळीत सगळे चिंचोके शेताच्या खिशात. विचारल्यावर कळलं, भांड्यावर बसता येत नाही, गुडघे दुखतात आणि धरायला काही नसतं. दोन घरी भिंतीत लोखंडी गजाचं हँडल बसवून घेतलं, गवंडी त्यांच्याच घरातला. इतर बायांची कारणं वेगळी होती: पाणी लांबून आणायचं ते संडासात कशाला ओतायचं, आणि ताई म्हणाल्या तसंच खड्डा भरायची भीती. चेंबर उघडून बघितले. सातपैकी पाच घरांत दोन्ही खड्डे एकदम चालू होते. एकेका बाजूला वीट आणि गारा लावून बंद केलं. उघडून दाखवता येईल असा बंद खड्डा मात्र वस्तीवर एकही मिळाला नाही, आता त्यासाठी दीड वर्ष थांबावं लागेल.

पुरुषांच्या बैठका दोन ठेवल्या. पहिलीला कुणी आलं नाही, दुसरीला पाच जण आले, त्यातले तिघे रोगाच्या रस्त्यावर मन लावून बसले. कात्री खरी दिली होती. यावर मला अजून काम करायचंय.

फडाचा नकाशा मात्र सगळ्यांत जास्त वेळ चालला. पाण्याची जागा दाखवताना दोन जणींचं भांडण झालं, कारण मागच्या हंगामात त्या वेगवेगळ्या कारखान्यांवर होत्या. मग दोन नकाशे काढले. कॅनॉलचं पाणी पिणाऱ्या कोप्या एका बाजूला, त्याच्याच वरच्या अंगाला अंधारात जायची जागा. यावेळी पाणी ओतायची गरजच पडली नाही. ज्या बाईने हळद टाकली तीच म्हणाली, "इथलं तिथं जातंय की." आणि तिने डोक्यावरचं फडकं सोडून परत बांधलं, उगाचच, बराच वेळ.

त्या बैठकीतून त्यांनी स्वतः यादी केली. प्रत्येक कोपीला तोटीचा एक ड्रम. पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली उपकेंद्रातून, किती थेंब ते चित्राने ड्रमवर चिकटवलेलं. खड्डा करून झाकायला प्रत्येक घरचं एक खुरपं वेगळं. चार बांबू आणि ताडपत्रीचा बायांसाठी आडोसा, त्यात कापड धुवायला एक बादली आणि वाळवायला उन्हाच्या बाजूला दोरी. आडोशाची ताडपत्री मुकादमाकडून मागायची ठरली. मी येऊ का विचारलं तर नको म्हणाल्या. सहा जणी गेल्या, खिशांचा तक्ता सोबत घेऊन. मुकादमाने आधी पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं. मग त्याच्या बायकोने तक्ता बघितला, ती स्वतः अकरा हंगाम गेलेली आहे. दोन ताडपत्र्या मिळाल्या.

आठ_हंगाम ताई, तुम्ही म्हणालात ते फडावर जाऊन बघायची माझी फार इच्छा आहे, जानेवारीत रजा टाकून येणार आहे. पहिल्या दोन गाड्या सोमवारी निघतात. चित्रांचा एक संच आणि सुतळीचं बंडल मी त्यांच्यातल्या एकीकडे दिलंय. ती म्हणाली, पट्टा पडला की परत आणून देते, पण जनाबाईचं चित्र माझ्याकडंच राहू द्या.